सई हॉस्टेलला जाण्याआधी

प्रिय माधवी,

तुझ्या सईची एडीएचडीची तपासणी हॉस्टेलला जाण्याआधी करावी का, हे तू विचारलंस ते बरं केलंस. एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, चंचलता, उतावळेपणा यांचा विकार; त्याची तपासणी ती घरी आहे तोवरच करून घे. सीईटी ही प्रवेश परीक्षा झाली, कॅप राउंड म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्या अजून चालतील. हेच दिवस हाताशी आहेत. आजवर तिला उठवणं, क्लासला वेळेत पोचवणं, फॉर्मच्या तारखा लक्षात ठेवणं हे सगळं तू केलंस. हॉस्टेलवर ते एकदम सुटतं आणि पहिल्याच सेमिस्टरला सबमिशन अडकतात.

मार्क चांगले आहेत आणि ती शांत आहे, म्हणून एडीएचडी नसेलच, असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. मुलींमध्ये बरेचदा चंचलता दिसतच नाही, फक्त लक्ष टिकत नाही; म्हणून तर त्या नजरेतून सुटतात.

डॉक्टर डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेचे निकष लावतील. लक्ष न लागण्याची नऊ लक्षणं, चंचलता-उतावळेपणाची नऊ. सतरा वर्षं पूर्ण झालेल्यांना कुठल्याही एका गटातली किमान पाच लागतात, त्याहून लहानांना सहा. ती सहा महिने तरी टिकलेली हवीत, घर आणि शाळा अशा दोन्हीकडे दिसायला हवीत, आणि त्यातली काही बाराव्या वर्षाआधीपासून असायला हवीत. सगळं अडतं ते इथेच. म्हणून पहिली ते सातवीची प्रगतिपुस्तकं शोध. मार्कांपेक्षा शेरे महत्त्वाचे: ‘हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते’, ‘गृहपाठ अपूर्ण’. शाळेच्या डायरीतल्या तक्रारीही ठेव. तू स्वतः सोबत जा; लहानपणाचं तुलाच विचारतील.

निदान आणि औषध मनोविकारतज्ज्ञांकडे, चाचण्या आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे. नुसत्या समुपदेशकाचं पत्र चालत नाही. ससून, केईएम, नायर इथल्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढून कमी खर्चात होतं, पण हेलपाटे पडतात, म्हणून फार लांबवू नकोस.

एएसआरएस ही मोठ्यांच्या एडीएचडीसाठीची अठरा प्रश्नांची प्रश्नावली म्हणजे फक्त प्राथमिक चाळणी. तेवढ्यावर कुणी दहा मिनिटांत निदान लिहून दिलं तर दुसरीकडे जा. रक्ताची तपासणी किंवा स्कॅन एडीएचडी दाखवत नाही, आणि संगणकावरची लक्षाची चाचणी नॉर्मल आली म्हणून एडीएचडी नाही असंही ठरत नाही. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र बघून घे. अपुरी झोप, चिंता, नैराश्य यांनीही लक्ष उडतं. सीईटीच्या जागरणांनंतर दोन आठवडे तिची झोप नीट होऊ दे, मग जा.

रिपोर्टवर तारीख, नोंदणी क्रमांक, चाचण्यांचे गुण, बालपणाचा पुरावा आणि ठोस शिफारस हवी: परीक्षेत जादा वेळ किती, वेगळी खोली हवी का. नुसतं ‘एडीएचडी आहे’ एवढ्या ओळीवर परीक्षा विभाग काही करत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. सईला वाचन-लेखनही जड जात असेल तर ती तपासणी याच वेळी माग. नुसत्या एडीएचडीवर परीक्षेत सवलत मिळते का, हे कॉलेजला आधीच लेखी विचार.

औषध ठरलं तर तेही इथेच सुरू व्हावं, म्हणजे भूक, झोप, नाडी, रक्तदाब बघून डोस बसवता येतो. घरात कुणाला हृदयविकार असेल तर आधी सांग. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक निर्बंध असलेल्या औषधांच्या यादीत येतं: प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत लागतं, एक दुकानदार ठेवून घेतो, आणि प्रत्येक मेडिकलमध्ये ते मिळत नाही. हॉस्टेलजवळचा डॉक्टर आणि दुकान जाण्याआधीच ठरवून ठेव. रूममेटला अभ्यासासाठी एकही गोळी द्यायची नाही, हे सईला बजाव. तो गुन्हा आहे आणि धोकाही. ॲटोमॉक्सेटिन या दुसऱ्या औषधाला हे निर्बंध नाहीत, पण त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, म्हणून चार दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून बंद करू नका.

आणि सईला न सांगता काही करू नकोस. डॉक्टर तिच्याशी एकटीशी बोलतील तेव्हा तू बाहेर बस. अठरा पूर्ण झाल्यावर संमती तिचीच लागते आणि गोळी रोज तिलाच आठवणीने घ्यायची आहे. प्रगतिपुस्तकं सापडली की शेऱ्यांच्या पानांचे फोटो पाठव, काय न्यायचं ते आपण मिळून ठरवू.

तुझी,
वृंदा