सही मागनं, पयला ऐका

आदरणीय अण्णांना,
सादर नमस्कार.

मी स्वाती, नंदगडजवळच्या गावची. दिवसभरात तुमच्या टेबलासमोर कितीतरी माणसं येऊन बसतात, त्यात मी तुमच्या लक्षात असेनच असं नाही. पण माझी आई तुम्ही विसरला नसाल. मे महिन्यातल्या एका दुपारी बेळगावच्या कोर्टाच्या आवारात, तुमच्या टाइपिंगच्या टेबलासमोर बसून जी बाई रडली, ती माझी आई.

तुम्ही घाबरून उठलात. पाण्याची बाटली पुढे केलीत आणि "माझं काय चुकलं काय ताई?" असं दोनदा विचारलंत. आईच्या तोंडून शब्द फुटेना, माझ्याही नाही. नोटरी उठायच्या आत सही घ्यायची होती म्हणून आम्ही पळालो आणि तिथून तशाच खानापूरच्या बसमध्ये बसलो. तुमचं काहीच चुकलं नव्हतं, हे सांगायचं राहून गेलं. ते माझ्या मनाला अजून लागून आहे, म्हणून हे पत्र.

ऑगस्टच्या शेवटी मी तैवानला जातेय. शिंचू नावाच्या शहरात एम. एस. करायला, विषय सेमीकंडक्टर. 1980 साली तिथे सायन्स पार्क सुरू झालं आणि आज जगभरातल्या फोनमधल्या, गाड्यांमधल्या चिपांचा मोठा कारभार त्या गावातून चालतो. इथे सांगितलं की निम्मे लोक थायलंड समजतात, उरलेले "चीनला कशाला जातीस?" म्हणतात. आईला मात्र एकच काळजी होती, तिथे खायला काय मिळणार. शिंचूचा वारा प्रसिद्ध आहे आणि त्या वाऱ्यावर तांदळाच्या शेवया वाळवतात, हे मी तिला वाचून दाखवलं तेव्हा ती पहिल्यांदा मोकळी हसली. "मग भाताचीच माणसं की ती," म्हणाली. खानापूर तालुक्यातल्या बाईला एवढं कळलं की पुरे असतं.

अडचण होती ती माझ्या नावाची. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्स कार्डावर माझ्या इंग्रजी नावात टी नंतर एच आहे, पासपोर्टवर तो एच नाही. एका अक्षराचा फरक. त्या अक्षरासाठी मी दोन महिने वणवण केली. एका कार्यालयात मान वर न करता मला सांगितलं गेलं, "कन्नडात बोला." मी कन्नडात बोलले. मोडकंतोडकं, पण बोलले. तरी कागद सरकून परत आला. शहरातल्या एका एजंटनं पाच हजार रुपये घेतले आणि आईच्या पुढे कोरा बाँड ठेवून सही करायला सांगितलं, "मजकूर नंतर घालतो." तो चांगला मराठी बोलणारा माणूस होता. आणि आमच्याच भागातले एक पुढारी, सभेत मराठी पोरांसाठी जीव टाकतो म्हणणारे, त्यांनी एक शिफारसपत्र देतो म्हणून आम्हाला चार वेळा घरी बोलावलं आणि चारही वेळा ते घरी नव्हते. हे सगळं लिहिताना अजून घशाशी येतं. आपली म्हणून ज्यांच्याकडे गेलो त्यांनी दारात उभं केलं, आणि कुणाची कोण म्हणून तुमच्याकडे आले तर तुम्ही आधी खुर्ची पुसलीत.

तुम्ही मार्क्स कार्ड आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणालात, "कुनाचं काय चुकलं नाही बाळ. आमच्यात कन्नडात ट ला नुसता टी, त ला टीएच लिवतात. तुमच्यात दोनीला टी." दोन महिन्यांत मला पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं की चूक झालेली नाही. तोपर्यंत सगळे मला एखादा गुन्हा केल्यासारखं बघत होते.

(अण्णा, मी आता रोज संध्याकाळी चिनी शिकते आणि तुमचं ते वाक्य मला रोज आठवतं. त्या भाषेत त आणि थ यांच्यातला फरक फार महत्त्वाचा. आपण तैपेई म्हणतो, पण तिथला उच्चार थाय-पेइच्या जवळ जातो. इंग्रजी टी वाचून तो कळत नाही, आपल्या कानाला मात्र लगेच कळतो. तैवानमध्ये मुलं आधी बोपोमोफो नावाची 37 चिन्हं शिकतात. ती आपल्या वर्णमालेसारखीच उच्चाराच्या जागेप्रमाणे लावलेली आहेत, फक्त आपण कंठापासून सुरू करतो आणि ते ओठांपासून.)

प्रतिज्ञापत्राचा मजकूर टाइप झाला. आईनं सवयीनं पेन उचललं. तिनं आयुष्यभर तेच केलंय. रेशन, उतारा, सोसायटीचं कर्ज, सगळे कागद कन्नडात, आई मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. कुणीतरी बोट ठेवायचं आणि तिनं तिथे सही करायची. तुम्ही तिच्या हाताखालचा कागद ओढून घेतलात आणि म्हणालात, "सही मागनं ताई. पयला ऐका, कागदात काय हाय ते."

मागे पाच-सहा माणसं ताटकळत उभी होती. एकानं हाकही मारली. तुम्ही त्याच्याकडे बघितलं नाही. प्रतिज्ञापत्र तर वाचलंतच, पण त्याच्यासोबत जोडायचा माझा जन्मदाखलाही हातात घेतलात आणि कन्नड ओळीवर बोट फिरवत एकेक ओळ मराठीत सांगत गेलात. गाव अमुक. तारीख अमुक. बापाचं नाव. आणि मग, "आईचं नाव, चंद्रभागा."

आई चमकली. तिचं नाव सविता. सगळ्या कागदांवर सविता, माझ्या पासपोर्टवरही सविता. चंद्रभागा हे तिचं माहेरचं नाव, लग्नात बदललेलं. मी पहिली, म्हणून माहेरी जन्मले, आणि जन्माची नोंद करायला माझे आजोबा गेले होते. त्यांनी आपल्या लेकीचं आपण ठेवलेलं नाव सांगितलं. आजोबा जाऊन आता नऊ वर्षं झाली. तो दाखला बावीस वर्षं आमच्या पत्र्याच्या ट्रंकेत होता आणि त्यात तिच्या वडिलांनी तिचं जुनं नाव लिहून ठेवलंय, हे तिला ठाऊकच नव्हतं. म्हणून ती रडली, अण्णा. बसमध्ये खानापूर येईपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, "एवढी वर्षं कागद जपून ठेवलो, पण आत दादा हाईत ते आज कळालं." वडिलांना ती दादा म्हणायची.

तुम्ही तिथल्या तिथे मजकुरात आणखी एक परिच्छेद घातलात, सविता आणि चंद्रभागा या एकच म्हणून. सगळं पुन्हा टाइप केलंत. पैसे ठरले होते तेवढेच घेतलेत. एका देशाचा कागद एकाच शिक्क्यावर दुसऱ्या देशात चालतो, त्या अपोस्टिलच्या करारात तैवान नाही, त्यामुळे दिल्लीच्या शिक्क्यानंतर माझे कागद तैवानच्या चेन्नईतल्या कार्यालयात जायचे होते. आईच्या नावातला फरक तिथे उघडकीला आला असता तर माझं हे वर्ष गेलं असतं. दोन महिने जो तो कागद हातात घेत होता, शिक्का कुठे आहे बघत होता आणि परत देत होता. वाचला फक्त तुम्ही.

सरकारी कागद मराठीतही मिळावेत ही आमची मागणी जुनी आहे आणि ती न्याय्य आहे. ती मी सोडणार नाही. 1 नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, तुमच्या गल्लीत लाल-पिवळे झेंडे लागतात आणि त्याच दिवशी आमच्या गावात काळा दिवस पाळतात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. त्या दुपारी त्याबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत, आम्हीही नाही. तुम्ही फक्त माझ्या आईला कळेल त्या भाषेत वाचलंत.

चिनी शिकताना ह्युएन त्संग या चिनी प्रवाशाविषयी पुन्हा वाचलं. सातव्या शतकात तो बदामीच्या दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात आला होता. बदामी तुमच्या-आमच्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात. ज्या घराण्याचे शिलालेख कन्नडात आणि संस्कृतात, त्याच्या देशाला त्यानं महाराष्ट्र म्हटलं. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अडलेला कुणी दाराशी आला तर स्वतःचं भान विसरून धावतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. शाळेत हे वाचलं तेव्हा परीक्षेपुरतं वाचलं होतं. आता वाटतं, तुमच्यासारखाच कुणीतरी त्याला वाटेत भेटला असणार. अशी माणसं आजही स्टँडवर, दवाखान्याच्या व्हरांड्यात, पोस्टात आहेत. आपलं काम थांबवून दुसऱ्याचा कागद वाचून दाखवतात. त्यांची नावं कुठे छापून येत नाहीत.

माझा व्हिसा आला. बॅगेत सगळ्यात वर तुम्ही दिलेली निळी फाइल ठेवली आहे.

लावणी उरकली की आई बेळगावला येणार आहे, घरच्या काजूची पिशवी घेऊन. ती नको म्हणू नका. मराठी तुम्ही झकास बोलता, पण वाचायला वेळ लागतो असं तुम्हीच म्हणाला होता. हे पत्र आई तुमच्यासमोर बसून वाचून दाखवेल, एकेक ओळ. तेवढा वेळ टाइपिंग थांबवा.

तुमची,
चंद्रभागेची लेक स्वाती