नानाच्या कागदावर तुझं नाव

अमळनेर,
12 मे

प्रिय सुऱ्या,

सहा महिने तुला ओळ लिहिली नाही. फोन केला की तू 'ठेवतो, गिऱ्हाईक आलं' म्हणतोस, पण दोष माझाच धर. इकडे सगळे बरे. आईचे गुडघे तसेच, माझी साखरही तशीच.

नानाने एक कागद लिहिलाय. पोरीच्या वहीतला, कोरा. 2017 च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यात आहे म्हणे, डोकं ठिकाणावर असताना माणूस लिहून ठेवू शकतो की पुढे बिघडलं तर मला काय द्या, काय देऊ नका आणि माझ्या वतीने कोण बोलेल. तिथे त्याने तुझं नाव घातलंय.

माझं नाही! लिथियमच्या गोळ्या मी आणतो. रक्तातलं लिथियम तपासायला मी नेतो. या उन्हात अंगातलं पाणी कमी झालं की ते रक्तात वाढतं, म्हणून तांब्या घेऊन मागे मी फिरतो. आणि नाव कोणाचं? ज्याने माझी सायकल बोरीच्या पात्रात घातली आणि आजवर कबूल केलं नाही त्याचं.

विचारलं तर म्हणाला, "तू वरनमा औषध टाकस."

खरं आहे. दोन वर्षं टाकत होतो. थेंबांना चव नसते, जेवणात द्या, असं दवाखान्यातच सांगितलेलं. माझी वाटी रोज वेगळी का येते, एवढ्यावरून त्याने ओळखलं. अजूनही त्याच्या वाटीतला पहिला घास मी खाल्ल्याशिवाय तो जेवत नाही.

आणि 1996 ची जीप. सरकारी मनोरुग्णालय म्हटलं तर ठाणे, येरवडा, नागपूर नाहीतर रत्नागिरी, आपल्याला कुठलंच जवळ नाही. हात मी बांधले, आईच्या लुगड्याने. पाय तू धरलेस. धुळ्याच्या पुढे तू गाठ सैल करून त्याला चहा पाजलास आणि मी तुझ्यावर ओरडलो, पळेल म्हणून. तो पळाला नाही. त्यावरून आपण वर्षभर बोललो नव्हतो. त्याला तो चहा आठवतो, सुऱ्या.

कागदात आहे: गोळ्या घेईन, बांधू नका, धरून सुई देऊ नका, जेवणात काही घालू नका. भूल न देता शॉक द्यायला कायद्यानेच बंदी आहे, तरी तेही लिहिलंय. दोनदा.

पण तो पुन्हा विहिरीच्या काठावर जाऊन बसला तर? त्याच्या मनाविरुद्ध दाखल करायचं तर अर्ज तू करायचा, दोन जणांनी वेगवेगळं तपासायचं, मग आधी जास्तीत जास्त 30 दिवस. तू सुरतेहून निघून इथे पोहोचेपर्यंत मी काय करू, त्याच्याशी पत्ते खेळू? तातडीच्या उपचाराला हा कागद आड येत नाही, असं वकिलाने सांगितलं तेव्हा मला हायसं वाटलं. नाना शेजारीच बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं.

तुझी लेखी संमती डॉक्टरांकडे द्यावी लागते. नाही म्हण, असं कळवायला पत्र लिहायला बसलो होतो. आता ते लिहवत नाही. तूच ठरव.

वहिनीची बदली झाली का? पोराचं बारावीचं काय? कळव.

नाना म्हणतो, येताना घारी आण. बंद डब्यातली.

तुझा,
बाळ्या