खुले पत्र : मीटरच्या आतलं कोण बघणार?

मा. ऊर्जामंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात पहाटे तीनच्या सुमारास माझ्या 84 वर्षांच्या आईच्या उशापासून हातभर अंतरावर प्लगचा बोर्ड पेटला. आई वाचली. पडदा, गादीची एक कड आणि माझ्या उजव्या हाताचा तळवा जळाला. हे पत्र डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करते आहे, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका आपण पदरात घ्याल अशी आशा आहे.

आपल्याला तसदी देण्याचं कारण आपणच दिलेला शब्द. दोन वर्षांपूर्वी एका जुन्या इमारतीला आग लागली, तेव्हा आपण पत्रकारांसमोर म्हणालात की तीस वर्षांपेक्षा जुन्या प्रत्येक घरातल्या वायरिंगची वर्षभरात मोफत तपासणी होईल. मी त्याच आठवड्यात अर्ज केला. पोच मिळाली, अर्ज क्रमांक मिळाला, पुढे ‘आपला अर्ज निकाली काढण्यात आला आहे’ असा संदेशही मिळाला. तपासणारा माणूस तेवढा मिळाला नाही.

आग लागल्यावर मात्र तिसऱ्या दिवशी माणूस हजर! त्याने बोर्डाकडे बघितलंही नाही. मीटरचा फोटो काढला, ‘ग्राहकाने जादा भार वापरल्यामुळे’ असं लिहिलं आणि माझ्या डाव्या हाताची सही घेऊन गेला. आठवड्याने नोटीस आली की तुमचा मंजूर भार अपुरा आहे, वाढवून घ्या, फरकाची रक्कम भरा. जळालेल्या माणसाकडून जळण्याचं भाडं घेण्याची ही पद्धत आपल्या खात्यात कोणी बसवली, ते कळलं तर त्यांचा सत्कार करायची इच्छा आहे.

आता माझी चूक सांगते, कारण ती आहे. मी 28 वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. विद्युतप्रवाहाने तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा जूलचा 1841 सालचा नियम मी हजारो मुलांकडून पाठ करून घेतला. आणि त्या रात्री माझ्याच घरात, पाच अँपिअरच्या एका जुन्या पॉइंटवर, मल्टिप्लग लावून 2000 वॅटचा हीटर आणि आईचे पाय शेकायला पाणी तापवण्यासाठी 1500 वॅटची किटली चालू होती. 3500 भागिले 230, म्हणजे सव्वापंधरा अँपिअर. प्रवाह तिप्पट, उष्णता नऊपट. नववीतल्या मुलाने हे गणित चुकवलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

पण महोदय, हीटरचा जाड पिनांचा प्लग पाच अँपिअरच्या पॉइंटमध्ये बसूच नये, म्हणून तर दोघांच्या पिना वेगळ्या केल्या आहेत ना? मग तो बसवून देणारा अडॅप्टर उघड्यावर विकला कसा जातो? मी काही तो चोरबाजारातून आणला नव्हता. खोक्यावर छान, हसऱ्या बाईचा फोटो होता.

आणि दुसरा पॉइंट होता कुठे? आमची इमारत साठीला आली. ती बांधली तेव्हा खोलीला दोन दिवे, एक पंखा आणि रेडिओसाठी एक प्लग, एवढंच लागत असे. आज त्याच एका प्लगवर आईच्या हवेच्या गादीचा पंप, नेब्युलायझर, दोन फोन, उशाचा दिवा आणि थंडीत हीटर. एक्स्टेंशनला दुसरं एक्स्टेंशन, त्याला मल्टिप्लग. हे हौसेने कोणी करत नाही. नवा पॉइंट काढायचा तर भिंत फोडावी लागते, भिंतीची परवानगी मालकाची. मालक म्हणतो वायर भाडेकरूची, भाडेकरू म्हणतो भिंत मालकाची, आणि आपलं खातं म्हणतं, आमची जबाबदारी मीटरपर्यंत.

मीटरपर्यंत! या एका शब्दावर माझा सगळा राग आहे. युनिटचा हिशेब तुम्ही दशांशापर्यंत ठेवता, एक बिल थकलं तर दारात येता, पण ज्या तारेतून ती वीज जाते तिचं वय तुमच्या एकाही वहीत नाही. माझ्या घरातली वायर रबराची, वर सुती वेष्टण, लाकडी पट्टीतून नेलेली. वायरमनने ती नुसती वाकवली तर आवरण वाळक्या पानासारखं चुरलं. उघडी तांब्याची तार, शेजारी साठ वर्षं वाळलेलं लाकूड. मी आणि आई त्या पट्टीखाली झोपत होतो.

इशारे मिळत नव्हते असंही नाही. ते वाचायला कोणी शिकवलं नव्हतं. आगीच्या आधी दोन दिवस आईच्या खोलीत कुजक्या माशासारखा वास येत होता. आम्ही उंदीर मेला म्हणून कपाट हलवलं, पलंगाखाली फिनेल टाकलं. बोर्डाचं प्लॅस्टिक आणि वायरचं आवरण आतून तापलं की असा वास येऊ शकतो, हे मला दवाखान्यात ड्रेसिंग करणाऱ्या मुलाने सांगितलं. त्याचे वडील वायरमन. प्लग सैल बसत होता, हलवला की चर्र आवाज यायचा, बोर्ड एका कोपऱ्यात पिवळा पडला होता. आम्ही त्यावर कॅलेंडर टांगलं होतं.

सैल प्लगचं तर वेगळंच दुखणं आहे. सॉकेटमधली पितळी पट्टी ढिली झाली की तिथला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो, रोध वाढला की ती तापते, तापली की आणखी ढिली होते. प्रवाह तेवढाच राहतो, त्यामुळे फ्यूजला यातलं काही कळत नाही. तरी आगीनंतर कागदावर लिहितात ‘शॉर्टसर्किट’. खऱ्या शॉर्टसर्किटमध्ये फ्यूज बहुधा क्षणात उडतो. आमच्याकडे जे झालं ते महिनोन्‌महिने हळूहळू शिजत होतं. पण ‘शॉर्टसर्किट’ लिहिलं की दोष विजेचा, माणसाचा कोणाचाच नाही आणि फाइल बंद. 

आमचा फ्यूज का उडाला नाही, तेही सांगते. पूर्वी तो वारंवार जायचा. मग कोणीतरी किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजची तार बसवायच्या चिनीमातीच्या खाचेत, जाड तार घातली आणि फ्यूज जायचा कायमचा थांबला. सगळे खूश. मीही. ज्यांनी फ्यूजऐवजी एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह झाला की आपोआप पडणारे स्विच, बसवलेत त्यांनाही निर्धास्त राहू नका म्हणावं लागेल. 16 अँपिअरचा एमसीबी 18 अँपिअर तासभर मुकाट सोसतो, तो तसाच बनवलेला असतो. त्याच्यामागची वायर बारीक असेल तर तो बिचारा काय करणार?

मेन स्विच बंद का केला नाही, असं आपल्या माणसाने मला विचारलं. कारण तो जिन्याखाली कुलपात आहे आणि किल्ली तिसऱ्या मजल्यावर. पहाटे तीनला, आई खोकत असताना, मी पदार्थविज्ञान विसरले आणि हाताने प्लग ओढला. प्लॅस्टिक तळव्याला चिकटलं. ते कसं सोडवलं, ते लिहीत नाही. आई अजून त्या खोलीत जात नाही. रात्री दिवा लावू देत नाही, पंखा नको म्हणते, बटणाचा आवाज झाला की दचकते. हवेच्या गादीचा पंप बंद म्हणजे पाठीला जखमा. त्यांचं मलमपट्टीचं काम मी एका हाताने करते. याचा कॉलम आपल्या अर्जात आहे का?

इमारतीत 24 घरं आहेत. हात बांधलेला असताना मी नऊ घरं हिंडले. सात घरांत एक्स्टेंशनला एक्स्टेंशन, पाचांत जाड तारेचे फ्यूज, अर्थिंगची तार चारच घरांत कुठेतरी पोचलेली. उरलेल्या पंधरांचं तसंच धरलं तर जेमतेम दहाबारा घरांना अर्थिंग, आणि अशा जुन्या इमारती राज्यात लाखभर तरी असतील. हिशेब कच्चा आहे, मला मान्य. पक्का करायला तुमच्याकडे माणसं आहेत, माझ्याकडे एक हात आहे.

हे कुठेच होत नाही असंही सांगू नका. जपानमध्ये घरातल्या वायरिंगची दर चार वर्षांनी तपासणी होते. इंग्लंडमध्ये भाड्याने घर देणाऱ्याला दर पाच वर्षांत निदान एकदा ती करून घ्यावी लागते, 2020 पासून कायदाच आहे. फ्रान्समध्ये पंधरा वर्षांहून जुनी वायरिंग असलेलं घर विकताना तिचा अहवाल द्यावा लागतो. लंडनच्या तार अभियंत्यांनी विजेच्या दिव्यांमुळे आग लागू नये म्हणून 1882 सालीच नियम छापले होते. आपल्याला उशीर झालाय तो दोन वर्षांचा नव्हे. इथे घोषणा करणारं खातं वेगळं, तपासणारं वेगळं, इमारतीचं वेगळं, आगीचं वेगळं. भरपाई कोणाकडे मागायची हे विचारायला चार टेबलांवर गेले. चौथ्याने पुन्हा पहिल्याकडे पाठवलं.

मागणं फार नाही. दिलेला शब्द पाळा. ती नोटीस मागे घ्या. ते जाड पिनांचे अडॅप्टर बाजारातून काढा. आणि आपलं घर जुनं असेल तर आज रात्री हीटर बंद केल्यावर प्लगला हात लावून बघा. गरम लागला तर माझी आठवण ठेवू नका, वायरमन बोलवा.

जळालेला बोर्ड मी टाकलेला नाही, पिशवीत घालून कपाटावर ठेवला आहे. कधीही माणूस पाठवून बघता येईल. येताना जिन्यात सांभाळून यायला सांगा, दुसऱ्या मजल्यावरचा दिवा आम्ही आता काढून टाकलाय. त्याचा बोर्डही पिवळा पडला होता.

आपल्या खात्याची नियमित बिल भरणारी,
एक निवृत्त शिक्षिका