तुझा दगड अजून गाडीतच आहे

नारायणगाव,
रविवार, रात्र

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू विचारलंस, "गाडी काय म्हणते?" आणि मी "मजेत" म्हणून मोकळा झालो. थाप मारली. त्या वेळी गाडी जॅकवर होती आणि तिचं मागचं डावं चाक माझ्या मांडीला टेकलेलं होतं. तुझ्याकडून पिकअप घेऊन चार महिने झाले, त्यातला एक महिना तिचा वास घेत फिरण्यात गेला.

पहिल्यांदा वास आला तो माळशेजात. वाशीला टोमॅटो उतरवून रिकामा परत येत होतो. टोकावडं मागं पडलं, चढ लागला आणि केबिनमध्ये जळकट दर्प. काच खाली केली तर बाहेरून आणखीच आला. चढावर जळका वास म्हणजे क्लच, हे तूच शिकवलेलं. घरी पोचलो तर मी काही बोलायच्या आत ही म्हणाली, "शर्टाला चिंध्या जाळल्यासारखा वास येतोय." मी ते कानाआड केलं. सगळं निदान तिथंच झालं होतं बघ, पण ड्रायव्हर मी ना!

पुढच्या खेपेलाही तसंच. जाताना काही नाही. म्हणजे घाट उतरताना थोडा ब्रेकचा वास येतो, पण तो भरल्या गाडीला कुणाच्याही येतो. येताना मात्र रिकामी असून दर्प. क्लच जळायचा तर वीस-वीस किलोची कॅरेटं भरलेली असताना जळेल, रिकाम्या गाडीला कशाला? एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. एका गॅरेजवाल्यानं तर बॉनेटही न उघडता क्लचप्लेट गेली म्हणून सांगितलं आणि गिअरबॉक्स उतरवायच्या गोष्टी सुरू केल्या. त्याला म्हटलं, थांब जरा.

मग मीच बघायला लागलो. इंजिनावरच्या झाकणाच्या (टॅपेट कव्हरच्या) पॅकिंगमधून ऑइल झिरपून तापल्या मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर पडलं तरी जळका वास येतो. फडकं फिरवलं, कोरडं निघालं. वायर जळाली तर वास प्लॅस्टिकचा, घसा खवखवणारा, तोही नव्हता. राहिला क्लच. हँडब्रेक करकचून ओढला, टॉप गिअर टाकला, थोडा रेस देऊन क्लच हळूच सोडला. प्लेट घसरत असती तर इंजिन घोंघावत राहिलं असतं. ते जागेवर बंद पडलं. क्लच ठणठणीत! मी खूश होऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी भरलेली गाडी घेऊन निघालो आणि ओतूर यायच्या आतच वास. जातानाच! असं कधी झालं नव्हतं. मढच्या अलीकडं एक म्हैस आडवी आली, ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल नेहमीपेक्षा वीतभर खोल. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा कुठं जोर आला. समोर अख्खा माळशेज उतरायचा. खरं सांगतो, हातापायाला कंप सुटला. गाडी कडेला घेतली आणि चारी चाकांभोवती फिरलो. तीन कोमट. मागच्या डाव्याची धग टीचभर अंतरावरून हाताला लागत होती. बाटलीतले दोन थेंब शिंपडले तर छर्र! (मिस्त्री नंतर ओरडला, तापलेल्या ब्रेकच्या ड्रमवर पाणी टाकशील तर तडकेल.)

तिथं रस्त्यावर बसून डोकं चाललं. काल आणि आज यात फरक काय? काल परीक्षेसाठी हँडब्रेक ओढला होता. एरवी तो मी ओढतो कुठं? फक्त वाशीच्या रांगेत. घरी गाडी गिअरमध्ये आणि चाकाखाली तुझा दगड. म्हणून वास नेहमी परतीचा! क्लच तपासायला मी नेमका चोरालाच पंच म्हणून बसवला होता.

माल दुसऱ्या गाडीत चढवला, खाली शिरून हँडब्रेकच्या केबलचा नट ढिला केला आणि हळूहळू परत आलो. ड्रम निघाला तेव्हा आतून निळे डाग पडलेले. ड्रमला घासून चाक थांबवणारे लायनर काचेसारखे चकचकीत, नखानं खरवडलं तर कडेचा भुगा झाला. आणि वास तोच, चिंध्यांचा. केबल वेष्टनात गंजलेली. ओढली की जायची, सोडली की परत यायची नाही, म्हणजे ब्रेक थोडा लागलेलाच राहायचा. मिस्त्री म्हणाला, "वापरली नाही की अशीच धरते. आधीचा मालक हँडब्रेक लावायचा का?" मी तुझं नाव घेतलं नाही, एवढी मैत्री ठेवली.

खर्च मात्र नुसत्या केबलवर भागला नाही. लायनर दोन्ही बाजूंचे बदलले, एकाच बाजूचे टाकले तर ब्रेक मारल्यावर गाडी ओढते. व्हील सिलेंडरचं रबर भाजलेलं, एक्सल सील कडक झालेलं, तेही नवं. ड्रम लेथवर मारून घेतला. ब्रेक ऑइल सगळं काढलं, काळं पडलं होतं. डॉट-३ जातीचं ब्रेक ऑइल नवं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतलं पाणी ओढून घेतलं की ती हद्द १४० पर्यंतही उतरते. ते उकळलं की बुडबुडे होतात आणि पाय खाली जातो. मढला तेच झालं. पुढच्या चाकांची लाइन वेगळी म्हणून वाचलो.

आता रोज हँडब्रेक ओढतो आणि सोडतो. आळेफाट्यावर चहाला थांबलो की चारी चाकांना हात लावून येतो. तिथला चहावाला मला येडा समजतो.

केबलचे पैसे तुझ्याकडून वसूल करायचे आहेत. दिवाळीला ये, मिसळीवर फिटवू. वहिनींना नमस्कार, पोराला पापा. दगड टाकला नाही, सीटच्या मागं आहे. पंक्चर काढताना लागतो.

तुझाच,
एकेकाळचा क्लीनर