विनोदी रोल मिळालाय, कमी काही मिळालेलं नाही

प्रिय आई-बाबा,

आई, तुझा मेसेज वाचला, "मेन रोल नाही का गं, विनोदी बाईचाच का?" दोन ओळींत उत्तर देण्यासारखं ते नव्हतंच म्हणून आज नीट बसून लिहितेय, बाबांनाही वाचून दाखव.

तुम्हा दोघांना रीमा लागू म्हटलं की सलमानची आई आठवते, सगळ्यांनाच आठवते. 'मैंने प्यार किया' १९८९ चा, तेव्हा बाई एकतीस वर्षांच्या होत्या आणि सलमानपेक्षा जेमतेम साडेसात वर्षांनी मोठ्या! आणि १९९९ च्या 'वास्तव'मध्ये संजय दत्त त्यांचा मुलगा झाला, तो तर त्यांच्यापेक्षा फक्त एका वर्षाने लहान. एवढ्या लहान वयात सगळ्या इंडस्ट्रीने एखादीला आई करून टाकलं की बाकीचे दरवाजे बंदच होतात, पण त्यांचं तसं झालं नाही आणि ते टळलं विनोदामुळेच असं मला मनापासून वाटतं.

१९९४ आठवतं का बाबा? दूरदर्शनवर 'श्रीमान श्रीमती' आली, त्यात जतीन कनाकिया केशव आणि रीमाताई त्याची बायको कोकी, केशव शेजारच्या प्रेमा शालिनीवर लट्टू आणि तिचा नवरा दिलरुबा कोकीवर. त्याच वर्षी 'तू तू मैं मैं' सुरू झाली, सचिन पिळगावकरांची, सुप्रियाताई सून आणि रीमाताई सासू देवकी. मी हल्ली रोज रात्री जेवताना त्याचा एखादा भाग लावते आणि फक्त त्यांच्याकडे बघते, गोष्ट काय चाललीय तिकडे लक्षच नसतं. देवकीला आपण विनोदी आहोत हे माहीतच नसतं गं. ती खरंच चिडलेली असते, तिला खरंच वाटत असतं की या घरात माझंच बरोबर आहे आणि सून मुद्दाम करतेय. रीमाताई एकदाही प्रेक्षकांकडे बघून "बघा मी कशी गंमत करतेय" असं करत नाहीत. म्हणून हसू येतं. आणि सून बोलत असताना त्या ऐकतात, म्हणजे खरोखर ऐकतात, अर्धा विनोद त्यांच्या त्या ऐकण्यात असतो, मग सुप्रियाताईंचं वाक्यही दुप्पट चालतं. समोरच्याचा पंच मोठा करणं हे फार कमी जणांना जमतं.

आता हे मला करायचंय म्हणून कळतंय की किती अवघड आहे. नाटकात हशा आला की आपण थांबतो, हशा उतरायला लागला की पुढचं वाक्य टाकतो, प्रेक्षकच टायमिंग शिकवतात. कॅमेऱ्यासमोर कोणीच हसत नाही. सेटवर शांतता ठेवायची असते, लाइटवाले दादा तोंडावर हात धरून उभे असतात, आणि तेच वाक्य आधी मास्टरला, म्हणजे सगळे दिसतात त्या शॉटला, मग माझ्या चेहऱ्याच्या क्लोजला, मग समोरच्याच्या क्लोजला त्याला क्यू, म्हणजे बोलायचा इशारा, द्यायला असं परत परत बोलायचं आणि प्रत्येक वेळी ते पहिल्यांदा सुचल्यासारखं वाटलं पाहिजे. ऑडिशनला माझा सीन एवढाच होता की पाहुण्यांसमोर हसत हसत नवऱ्याच्या हातातली बशी काढून घ्यायची. पहिल्यांदा मी बशी खसकन ओढली. डायरेक्टर म्हणाले, घाई नको, आधी हसू पाहुण्यांकडे ठेव, मग फक्त हात जाऊ दे, डोळे जाऊ देऊ नकोस. तसं केलं आणि मागे बसलेली असिस्टंट मुलगी फिसकन हसली, तेव्हाच मला कळलं रोल आपला झाला. रडायचा सीन असता तर ग्लिसरीन तरी होतं मदतीला!

बाबांची काळजी वेगळी आहे, नोकरीची. बाबा, रीमाताईंनी १९७९ पासून दहा वर्षं युनियन बँकेत नोकरी केली. नोकरी सांभाळून आंतरबँक स्पर्धांतून कामं केली, नाटकं केली, 'कलयुग' आणि 'कयामत से कयामत तक' सुद्धा याच काळातले. त्यांची आई मंदाकिनी भडभडे स्वतः रंगभूमीवरच्या, तरी रीमाताईंनी पगार सोडला नव्हता. मीही सोडत नाहीये. म्हणूनच डेली सोपला नाही म्हटलं, तिथे बारा-बारा तासांची शिफ्ट असते, महिन्याचे पंचवीस दिवस जातात आणि पैसे बरेचदा नव्वद दिवसांनी हातात येतात. मला मिळालाय तो वीकली शो आहे, शूटिंग सलग काही दिवसांत उरकतात, तेवढी माझी रजा शिल्लक आहे.

आणि हो, विनोदी म्हणजे कायम बाजूलाच राहणार असं आता राहिलेलं नाही. नम्रता संभेराव 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मधून घराघरात पोचली आणि २०२४ ला 'नाच गं घुमा'मध्ये मुक्ता बर्वेच्या बरोबरीने उभी राहिली. निर्मिती सावंत तुझ्या आवडीच्या, 'झिम्मा'मध्ये (२०२१) सगळ्यांना हसवता हसवता त्यांनी रडवलं तुलाच. हसवणाऱ्या बाईला लोक आपली मानतात, तिच्यावर विश्वास टाकतात, मग ती रडली की लोक तिच्याबरोबर रडतात. 'वास्तव'मधली ती आई बघताना अंगावर काटा येतो, आणि त्याच काळात टीव्हीवर सासू-सुनेची भांडणं चालू होती, एकाच बाईची दोन्ही कामं! मला या प्रकारचं काम करायचंय आई, हिरोईन व्हायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. २०१७ च्या मे महिन्यात त्या गेल्या तेव्हाही त्यांची मालिका चालू होती, वय फक्त अठ्ठावन्न. अजून कितीतरी विनोदी कामं राहिली त्यांची, याचं मला फार वाईट वाटतं.

तर एक काम करा. पहिला भाग आला की लिंक पाठवीन, दोघं एकत्र बसून बघा, आणि लगेच "छान झालं" असं म्हणू नका. आई, तू कुठे हसलीस आणि कुठे नाही ते मला वाक्यासकट सांग. बाबा, तुम्हाला माझे शब्द नीट ऐकू येतात का तेही सांगा, घाईत मी वाक्याचा शेवट खाते असं डायरेक्टर म्हणतात आणि तुमच्यासारखा कान दुसऱ्या कोणाकडे नाही. बीपीची गोळी वेळेवर घ्या.

तुमची,
छकुली