मर्चंट नेव्हीत प्रवेश मिळतो, जहाज मिळत नाही

मा. संपादक,
स. न.

आपल्या करिअर पुरवणीत मर्चंट नेव्हीला, म्हणजे व्यापारी जहाजांवरच्या नोकरीला, अर्धा कॉलम मिळाला आणि त्यातला बहुतेक मजकूर पगाराचा होता. आकडे चूक नव्हते. तेलवाहू जहाजावर थर्ड मेटला, म्हणजे कनिष्ठ डेक अधिकाऱ्याला, महिन्याला काही हजार डॉलर मिळतात, कॅप्टनला त्याहून कितीतरी जास्त. मात्र हे पैसे कराराच्या महिन्यांचे. साइन ऑफ होऊन, म्हणजे करार संपून जहाजावरून उतरून, घरी आले की बहुतेक कंपन्यांत पगार थांबतो. शिवाय थर्ड मेट होईपर्यंत गाडी कुठे अडते, याचा उल्लेखच नव्हता. तळेगावजवळ इंदोरीला आणि इकडे लोणी काळभोरला सागरी शिक्षण देणाऱ्या संस्था असल्याने पुण्यातली पुष्कळ मुले या वाटेला जातात, म्हणून हे पत्र.

प्रवेशाच्या अटी सरळ आहेत. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित मिळून सरासरी ६० टक्के, दहावीला किंवा बारावीला इंग्रजीत ५० टक्के, आणि इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा: तीन तास, २०० प्रश्न. एमएचटी-सीईटीचे गुण या विद्यापीठाच्या प्रवेशाला चालत नाहीत. कॉलेज आणि क्लास एकत्र असलेल्या इंटिग्रेटेड कॉलेजातली हुशार मुले नेमकी इथे अडकतात. पर्सेंटाइल उत्तम, पण वर्षभर बोर्डाकडे कानाडोळा केल्याने पीसीएम सत्तावन्न-अठ्ठावन्न टक्क्यांवर थांबलेले.

त्याहीआधी डोळे तपासावेत. डीजी शिपिंग या केंद्र सरकारच्या नौवहन खात्याने मान्यता दिलेल्या डॉक्टरांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर आहे. फी भरण्यापूर्वी त्यांच्यापैकी एकाकडे जावे. रंगीत ठिपक्यांच्या पानावरचा आकडा ओळखायचा असतो, आणि लाल-हिरव्यात आपला घोळ होतो हे कित्येकांना तेव्हाच पहिल्यांदा कळते. रात्री समोरच्या जहाजाच्या डाव्या बाजूचा दिवा लाल आणि उजव्या बाजूचा हिरवा असतो. ते कोणीकडे चालले आहे हे त्यावरूनच ठरवायचे, त्यामुळे इथे सवलत नाही. इंजिन सांभाळणाऱ्यांनाही रंगांधळेपणा चालत नाही. चष्मा इंजिन साइडला ठरावीक नंबरपर्यंत चालतो, डेकसाठी, म्हणजे जहाज हाकणाऱ्यांसाठी, मात्र चष्म्याशिवायची नजर बघतात.

आता मुख्य अडचण. डेक साइडला डीएनएस (नॉटिकल सायन्सची पदविका) केले तर एक वर्ष कॉलेज आणि १८ महिने जहाजावर कॅडेट, म्हणजे शिकाऊ उमेदवार. नॉटिकल सायन्सची बीएस्सी केली तर तीन वर्षे कॉलेज आणि १२ महिने जहाज. जहाजावरचा हा काळ, म्हणजे सीटाइम, पुरा झाल्याशिवाय सेकंड मेटच्या परीक्षेला बसता येत नाही, आणि सेकंड मेटचे प्रमाणपत्र हातात असल्याशिवाय थर्ड मेटची नोकरी नाही. कॉलेजातल्या जागा इमारत आणि शिक्षक पाहून मंजूर होतात. जहाजावर कॅडेट किती घ्यायचे हे कंपनी स्वतःच्या गरजेप्रमाणे ठरवते. या दोन आकड्यांचा मेळ बसत नाही. मग पदवी हातात असलेली मुले बर्थसाठी, म्हणजे जहाजावरच्या जागेसाठी, अंधेरी आणि बेलापूरच्या शिपिंग कार्यालयांच्या पायऱ्या झिजवतात, कधी वर्ष-वर्ष. शैक्षणिक कर्जाच्या हप्त्यांना सूट साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभर असते. ती या वाट पाहण्यातच संपते आणि वडिलांच्या खात्यातून हप्ते कापले जाऊ लागतात.

म्हणून आधी कंपनी, मग कॉलेज. नावाजलेल्या शिपिंग कंपन्या स्वतःची लेखी परीक्षा आणि मुलाखत घेऊन प्रायोजकत्वाचे पत्र देतात. त्यांच्या जाहिराती बऱ्याचदा बारावीच्या परीक्षेच्या आगेमागेच येतात, निकालाची वाट पाहणाऱ्यांच्या हातून त्या निसटतात. पत्र मिळाले की हुरळून न जाता ते वाचावे. जहाजावरील प्रशिक्षणाची हमी स्पष्ट शब्दांत आहे, की ‘जागा उपलब्ध असल्यास’ अशी पाचर मारून ठेवली आहे? दुसऱ्या प्रकारचे पत्र असून नसून सारखेच.

मेकॅनिकलच्या पदवीधरांची पुण्यात वाण नाही. त्यांच्यासाठी जीएमई (ग्रॅज्युएट मरीन इंजिनिअरिंग) हा वर्षभरापर्यंतचा अभ्यासक्रम आहे, इंजिन साइडचा. त्यापुढे सहा महिन्यांचा सीटाइम आणि मग क्लास फोरची, म्हणजे कनिष्ठ इंजिन अधिकाऱ्याची, परीक्षा. वाट जवळची आहे, पण प्रायोजकत्वाचा नियम इथेही तोच धरावा.

जहाजावर चढल्यावर कॅडेटने कागद सांभाळावेत. ट्रेनिंग रेकॉर्ड बुक त्या त्या महिन्यात भरून अधिकाऱ्याची सही घ्यावी. उतरताना सीडीसीवर (खलाशाच्या सेवेच्या नोंदपुस्तिकेवर) साइन ऑनच्या आणि साइन ऑफच्या तारखा, शिक्का आणि कॅप्टनचे सेवापत्र तिथल्या तिथे तपासून घ्यावे. कॅप्टन बदलला, जहाज विकले गेले, की राहिलेल्या एका सहीसाठी महिनोन्‌महिने ईमेल करत बसावे लागते आणि परीक्षेचा अर्ज तेवढा लांबतो.

राहिले एजंट. ‘दहावी पास, डायरेक्ट जॉइनिंग’ म्हणत काही लाख मागणाऱ्यांना एकच गोष्ट विचारावी: आरपीएसएल क्रमांक. खलाशी भरतीचा हा परवाना डीजी शिपिंग देते आणि परवानाधारकांची यादी कुणालाही पाहता येते. भारताने २०१५ मध्ये मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारानुसार मेडिकल, पासपोर्ट आणि सीडीसी यांचा खर्च सोडला तर नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. म्हणजे मागणी झाली तिथेच उठून यावे. या मार्गाने गेलेली मुले पुष्कळदा टुरिस्ट व्हिसावर आखातातल्या एखाद्या छोट्या बोटीवर पोहोचतात. तिथे पगार थकतो तो वेगळाच. अधिकारी होण्याच्या आशेने गेलेल्याला नंतर कळते की अशा छोट्या बोटीवरचे दिवस डेक अधिकाऱ्याच्या परीक्षेसाठी धरले जातीलच असे नाही.

आपल्याच वृत्तपत्राच्या छोट्या जाहिरातींत असे मजकूर मे-जूनमध्ये दिसतात. त्या स्वीकारताना प्रशिक्षण संस्थेकडून डीजी शिपिंगचा मान्यता क्रमांक, भरती करणाऱ्याकडून आरपीएसएल क्रमांक मागावा आणि जाहिरातीतच छापावा, ही विनंती. क्रमांक देता येत नसेल त्याची जाहिरात परत करावी.

– एक निवृत्त जहाज अधिकारी, कोथरूड, पुणे