मेन्यूत एक, पुस्तिकेत दुसरेच

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा मराठी मेन्यू आणि माहिती पुस्तिका यांतील लेखनाच्या विसंगतीबाबत

महोदय,

आपल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची मी परवानाधारक ग्राहक आहे. लहान व्यावसायिकांचे हिशेब मी त्यावर लिहिते. मराठी मेन्यू मिळतो म्हणूनच ते घेतले होते. लेखनातील विसंगतीबद्दल मी आधी नोंदवलेली तक्रार आपल्याकडे ‘किरकोळ, केवळ दिसण्यापुरती’ असा शेरा मारून बंद करण्यात आली. तो शेरा मला मान्य नाही, म्हणून हे सविस्तर पत्र.

पुस्तिकेतील ‘नोंदीची दुरुस्ती’ हे प्रकरण उघडून पाहावे. मजकूर सांगतो, ‘मूळ नोंद’ निवडा. त्याच पानावरच्या चित्रात ‘मुळ नोंद’ आहे. प्रत्यक्ष पडद्यावर वरच्या मेन्यूत ‘मूळ नोंद’, तर माउसचे उजवे बटण दाबल्यावर येणाऱ्या यादीत ‘मुळनोंद’. आता वापरणाऱ्याने काय समजायचे? आज्ञा एकच, की तीन? ‘संदर्भावरून कळते की’, असे आपल्या प्रतिनिधीचे म्हणणे पडले. पण याच सॉफ्टवेअरमध्ये ‘नोंद वगळा’ आणि ‘नोंद पुसा’ या खरोखरच निराळ्या आज्ञा आहेत. पहिली नोंद फक्त अहवालातून बाजूला ठेवते, दुसरी ती कायमची घालवते. नावातला बारीक फरकही गांभीर्याने घ्यायचा, हे आपणच आम्हाला शिकवले आहे. मग ऱ्हस्व-दीर्घाचा फरक तेवढा सोडून द्यायचा, हे आम्ही कशावरून ओळखावे?

शोधाच्या बाबतीत तर कहरच आहे. मेन्यूत ‘ॲप’ लिहिताना एकसंध ‘ॲ’ वापरला आहे, जो युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, २००८ पासून स्वतंत्र अक्षर म्हणून आहे. पुस्तिकेत मात्र ‘अ’ टंकून त्यावर वेगळी चंद्रकोर दिली आहे. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसते, पण युनिकोड या दोन लेखनांना समतुल्य धरत नाही. त्यामुळे मेन्यूतला शब्द जसाच्या तसा उचलून पुस्तिकेच्या पीडीएफमध्ये शोधला, की ‘काही सापडले नाही’ असे उत्तर येते. समोर पानभर मजकूर असतो, तरीही! ‘दुसऱ्या खात्यात वळवा’ या आज्ञेचीही तीच गत. एका ठिकाणी ‘ऱ’ हे अक्षर घेतले आहे, तर दुसऱ्या ठिकाणी साधा ‘र’, हलन्त (पाय मोडल्याची खूण) आणि न दिसणारा जोडक (अक्षरे कशी जोडायची हे संगणकाला सांगणारे चिन्ह). या दुखण्याचे निदान डोळ्यांनी होणे शक्यच नाही. मी अक्षरे एकेक सुटी करून त्यांचे संकेतांक पाहिले तेव्हा उलगडा झाला. हिशेब लिहिणाऱ्या माणसाने हे का करावे?

सर्वांत जास्त त्रास खर्चाच्या शीर्षांनी दिला. आपल्या तयार साच्यात ‘वीजबिल’ आहे, पण बँकेचे विवरण आत घेताना सॉफ्टवेअर आपणहून ‘वीज बिल’ असे शीर्ष तयार करते. वर्षअखेरच्या अहवालात एकाच खर्चाच्या दोन ओळी, दोन बेरजा. हा खर्च दोनदा धरलाय का, असे ज्यांचा हिशेब ते मला विचारतात आणि मी त्यांना मधली मोकळी जागा समजावत बसते. याला दिसण्यापुरती चूक म्हणणाऱ्याने तो अहवाल एकदा स्वतः सादर करून पाहावा.

यावर मदत कक्षाने सुचवलेला उपाय होता : ‘मॅडम, भाषा इंग्रजी करून बघा.’ मराठी आवृत्तीचे पैसे घेऊन हा सल्ला देणे मला उद्धटपणाचे वाटते.

शुद्ध काय आणि अशुद्ध काय, या वादात मला आपल्याला ओढायचे नाही. चुकायचेच असेल तर सगळीकडे एकसारखे चुका, एवढ्यावरही माझे निम्मे काम सोपे होईल. आणि निवड करायला आधार नाही, असेही नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ पासून आहेत आणि १९७२ मध्ये भर पडून ते अठरा झाले. शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहावा, हे त्यांत स्पष्ट आहे. तेव्हा माहितीच्या चौकटीत ‘आवृत्ति’ आणि अद्ययावत करण्याच्या चौकटीत ‘आवृत्ती’ असे लिहायला काहीच कारण नाही. ‘हिशेब’ आणि ‘हिशोब’ ही दोन्ही रूपे चालतात. तिथे मात्र एक रूप आपल्यालाच ठरवून पाळावे लागेल.

माझा अंदाज असा की मेन्यूचा अनुवाद एकाने केला, पुस्तिकेचा दुसऱ्याने, चित्रे जुन्या आवृत्तीतून आली आणि सगळे एकत्र ठेवून कोणीच वाचले नाही. एक शब्दसूची करून ती दोघांच्याही हाती दिली असती, तर यातले बरेचसे टळले असते. मेन्यूतले शब्द एका फाईलमध्ये असतातच. पुस्तिकेत अवतरणात दिलेली आज्ञा त्या फाईलमध्ये हुबेहूब सापडते का, हे संगणकच तपासू शकतो.

तरी माझी मागणी अशी : मेन्यू, चित्रे आणि मजकूर जुळवलेली सुधारित पुस्तिका द्यावी. शोधात ‘ॲ’ आणि ‘ऱ’ यांची दोन्ही लेखने एकच धरली जावीत. विवरण आत घेताना साच्यातलेच शीर्ष वापरले जावे आणि आधीच दुभंगलेली शीर्षे जुन्या नोंदींना धक्का न लावता एकत्र करण्याची सोय द्यावी. हे शेवटचे काम सर्वांत आधी व्हावे, कारण पुढचा वार्षिक अहवाल मला त्यावरूनच काढायचा आहे.

पुस्तिकेची संबंधित पाने आणि पडद्याची चित्रे सोबत जोडली आहेत. या वेळी तक्रार बंद करण्यापूर्वी माझ्याशी संपर्क साधावा आणि उत्तर लेखी द्यावे, ही विनंती.

आपली,
एक परवानाधारक ग्राहक